कॉलरमधली पाणथरी

बाईंनी माऊसचे चाक मागे फिरवले, तशी पडद्यावरच्या स्कॅनमधली पाणथरी, म्हणजे प्लीहा, मावळली. पुढे फिरवले, तशी पुन्हा उगवली. हा सूर्योदय-सूर्यास्त अकराव्यांदा चालला होता. शेजारच्या टेबलाशी टायपिस्ट कीबोर्डवर बोटे ठेवून बसला होता. बावीस वर्षे तो बाईंचे रिपोर्ट टाइप करत होता, आणि त्यातली निम्मी अशीच बोटे ठेवून बसण्यात गेली होती.

"यकृत झालं, मूत्रपिंडं झाली," तो म्हणाला. "पुढे, बाई?"

"मिनिटभर थांबा."

या दोन शब्दांवरून साऱ्या इस्पितळात त्यांना मिनिटबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. बाईंना ते ठाऊक होते, आणि ते त्यांना ठाऊक आहे हे इतरांना ठाऊक नव्हते. असा सगळा सुखाचा संसार होता.

नावामागे कारण होते. स्कॅनच्या वेळी शिरेतून रंग सोडतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो पाणथरीत सगळीकडे सारखा पोचत नाही, त्यामुळे धडधाकट माणसाची पाणथरीसुद्धा पट्ट्यापट्ट्यांची दिसते. नवखा डॉक्टर ते पाहून वाघ आला, वाघ आला म्हणून ओरडतो. बाई दरवर्षी नव्या शिकाऊ डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगत, "पट्टे दिसले की बोंब मारायची नाही. मिनिटभर थांबायचं आणि नंतरचे फोटो बघायचे. पट्टे गेले तर ती पाणथरी. काही राहिलं, तर ते दुखणं."

समोरच्या फोटोत मिनिट उलटले होते, पट्टे गेले होते, आणि एक गोष्ट राहिली होती. लिंबाएवढी एक गोल गाठ. कडा स्वच्छ, परकाराने काढल्यासारख्या. आणि एका कडेवर पांढराशुभ्र, मोहरीएवढा कण.

"चुना," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

"टाइप करू?"

"नको. गाठीवर असा कॅल्शियमचा चुना बसायला वर्षं लागतात."

दार ढकलून सर्जन आत आले. ते नेहमी असेच यायचे. दार उघडायला वेळ कमी आणि कापायला माणसे जास्त, असा त्यांचा आयुष्याचा हिशेब होता. एके काळी तेही बाईंच्या वर्गात पहिल्या बाकावर बसत, त्यामुळे बाईंसमोर मात्र ते उभे राहून बोलत.

"मॅडम, आमच्या मास्तरांचा नकाशा झाला का? उद्या सकाळी आठला ऑपरेशनला घेतोय. पाणथरी काढण्याआधीच्या लसी टोचून पंधरा दिवस झाले. आज सहाला भरती. अजून दुकानातच आहेत म्हणे, चाळीस गणवेश पुरे करून येतो म्हणाले."

मास्तर म्हणजे शिवणकामातले मास्तर. इस्पितळामागच्या दुसऱ्या गल्लीत त्यांचे दुकान होते. पोटात गॅस धरला म्हणून सोनोग्राफी केली; गॅस गेला आणि गाठ सापडली.

"ही गाठ जुनी वाटते मला," बाई म्हणाल्या. "कड बघा. चुना बघा. गरीब चेहऱ्याची आहे."

"चेहऱ्यावर गेलो असतो तर मी लग्नच केलं नसतं," सर्जन म्हणाले. "सुई घालून तुकडा काढायचा म्हटलं, तर पाणथरी म्हणजे रक्ताची पिशवी. मग उरलं काय? काढायची. पाणथरीशिवाय माणूस जगतो."

"जगतो. पण साध्या तापालाही घाबरून जगतो. जन्मभर."

"ते मान्य. पण जुनी म्हणता ती कशावरून?" सर्जनांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर तो इतका झिजला होता की उलगडताना त्यांनीही हात हलका केला. "बारा वर्षांपूर्वी मास्तर स्टुलावरून पडले होते. बरगड्यांना मार होता, म्हणून इथेच स्कॅन झालं. हा बघा रिपोर्ट, त्यांच्या बायकोने जपून ठेवलाय. 'प्लीहा: आकार व घडण स्वाभाविक.' सही कुणाची?"

बाईंनी चष्मा वर केला. सहीची शेपटी तीच होती, अजूनही कागदाबाहेर जाऊ बघणारी.

"माझी."

"मग झालं की! दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, राहून गेलं असेल. पण तुम्ही नाही म्हणालात म्हणजे नव्हती. आता आहे. म्हणजे नवी. चोपन्नाव्या वर्षी उगवलेली नवी गाठ मी पोटात ठेवून देऊ? चारपर्यंत रिपोर्ट द्या, मॅडम."

ते गेले. कागद टेबलावरच राहिला आणि दार हलत राहिले.

आयुष्यभर जमवलेले नाव असे उलटून आपल्याच अंगावर येईल, हे बाईंच्या ध्यानीमनी नव्हते. एका शिंप्याची पाणथरी काढायला निघालेल्या खटल्यात पहिली साक्षीदार त्याच होत्या, आणि साक्षीदार इतकी विश्वासू की उलटतपासणी घ्यायचे कुणाच्या मनातही येईना.

"बारा वर्षांपूर्वीचे फोटो कॉम्प्युटरवर निघतील?" त्यांनी विचारले.

"आठ वर्षांपर्यंतचे निघतात. त्याआधीचे जुन्या यंत्राबरोबर भंगारात गेले. तेव्हा तर आपण काळ्या फिल्मवर छापून पेशंटच्याच हातात देत होतो." टायपिस्टने घड्याळाकडे पाहिले. सव्वादोन झाले होते. "बाई, 'जुने फोटो तुलनेसाठी उपलब्ध नाहीत' असं टाकतो. नेहमीचं वाक्य आहे, एका बटणावर ठेवलंय मी."

बाई उठल्या आणि पर्स खांद्याला लावली.

"कुठे?"

"शिंप्याकडे."

"कापड घेतलंत?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

दुकान दहा पावलांचे होते, आणि त्यातली सात पावले कापडाने अडवली होती. मास्तर उंच टेबलाशी उभे राहून निळ्या कापडावर खडूने आखत होते. दाराशी त्यांची बायको स्टुलावर बसून शर्टांना बटणे लावत होती. सारी गल्ली तिला मास्तरीण म्हणे, आणि गणवेशाचे माप बिघडले तर मास्तरांऐवजी तिच्याशी भांडायला जाण्याची कुणाची हिंमत नव्हती.

"डॉक्टरबाई!" मास्तरीण उठलीच. "काय झालं? आणखी काही निघालं का?"

"काही निघालं नाही. मास्तर पडले होते तेव्हाचे फोटो हवेत मला. मोठे, काळे. आत्ता."

"आहेत की. पाकीट जपून ठेवलंय मी." तिने कपाटावरून हातभर लांबीचे तपकिरी पाकीट काढले, फुंकर मारली आणि बाईंच्या हातात दिले. त्यात शाळेतल्या मुलांच्या मापांचे कागद होते. दुसरे काही नव्हते.

मास्तरणीने मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी खडूकडे पाहिले.

"फोटो कुठायत?"

"अगं, तूच म्हणाली होतीस ना," मास्तर खडूला उद्देशून म्हणाले, "की रिपोर्ट चांगलाय तर फोटोंचं काय लोणचं घालायचंय?"

"मी म्हटलं असेन. म्हणून तुम्ही टाकलेत?"

"टाकले कशाला? कापले." मास्तरांनी मान वर केली, आता त्यांच्या आवाजात कारागिराचा अभिमान आला. "डॉक्टरबाई, पुठ्ठ्याचे साचे दोन महिन्यांत झिजतात. कड गेली की माप गेलं. तुमचं ते काळं प्लास्टिक बघा. बारा वर्षं झाली, सूतभर हललेलं नाही. साऱ्या शाळेचे शर्ट त्याच्यावर निघालेत. तुमचे उपकार आहेत."

भिंतीवरच्या खिळ्याला दोरीत ओवलेले काळे तुकडे लोंबत होते. बाईंनी दोरी काढली आणि दाराच्या काचेशी, उजेडात गेल्या.

पहिला तुकडा शर्टाचा खिसा होता. त्यात मास्तरांच्या छातीचा आडवा काप होता, दोन्ही फुफ्फुसे आणि मध्ये हृदय.

"खिसा बरोबर जागी कापलात," बाई म्हणाल्या.

दुसरा तुकडा बाहीच्या पट्टीचा. त्याच्या मधोमध भोक होते.

"हे कशाला?"

"खिळ्याला अडकवायला."

"यकृताला पाडलंत."

मास्तरांनी नकळत उजव्या बरगडीवर हात ठेवला.

तिसरा तुकडा मोठा होता, शर्टाच्या खांद्याचा. बाईंनी तो काचेला लावला आणि चष्मा काढून जवळ गेल्या. पाणथरी होती. अर्ध्या मिनिटातली, पट्ट्यापट्ट्यांची, अस्सल वाघीण. त्या पट्ट्यांत गाठ असली तरी दिसली नसती, आणि नसली तरी कळले नसते. नवख्याने बोंब मारली असती आणि कदाचित चुकून बरोबर ठरला असता. जाणत्याने हसून पुढे जायचे असते. बारा वर्षांपूर्वी एक जाणती बाई हसून पुढे गेली होती.

तुकड्याच्या कोपऱ्यात मेणाच्या पेन्सिलीची पिवळी बरोबरची खूण होती. बाईंनी खिसा पुन्हा पाहिला. बाहीची पट्टी पाहिली. दोन्हींच्या कोपऱ्यात तीच खूण होती.

"ती पिवळी रेघ का?" मास्तर म्हणाले. "मी समजत होतो माझाच खडू लागलाय. पुसली जाईना."

"माझी आहे. फिल्म वाचून झाली की कोपऱ्यात खूण करायची सवय होती मला." बाईंनी तुकडे मोजले. "तीनच? फिल्म चार असायच्या. शेवटची कुठंय?"

"शेवटची म्हणजे?"

"मिनिटानंतरची."

मास्तरांनी टेबलाकडे पाहिले. निळ्या कापडावर, त्यांच्या डाव्या हाताच्या पंजाखाली, एक लांब काळा तुकडा पसरलेला होता. दोन्हीकडे टोके, मध्ये पोट. कॉलर.

"ही?" त्यांचा पंजा उचलला जाईना. "ही नाही देता येणार, डॉक्टरबाई. अकरा कॉलरी राहिल्यात. सोमवारी शाळा उघडते आणि मी उद्या सकाळी तुमच्या टेबलावर. पोरं काय उघड्या मानेने जातील?"

"अहो, पाणथरी जातेय आणि तुम्हाला कॉलरची पडलीय!" मास्तरीण म्हणाली.

"पाणथरी माझी आहे. कॉलरी लोकांच्या आहेत."

अशा बाबतीत त्याही अगदी तशाच होत्या. त्या फक्त हात पुढे करून उभ्या राहिल्या. स्कॅनच्या वेळी रोग्याने श्वास कोंडायला नकार दिला की त्या अशाच उभ्या राहत, तो कोंडेपर्यंत.

"मिनिटभर द्या," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पंजा उचलला.

काचेवर कॉलर आडवी लावली, तेव्हा रस्त्यावरचा उजेड तिच्यातून आत आला. पट्टे गेले होते. पाणथरी शांत, एकसारखी राखाडी होती, आणि तिच्या पोटात थोडीशी काळपट, गोल, स्वच्छ कडांची गाठ बसली होती. कडेवर पांढरा कण होता. मोहरीहून लहान, खसखशीएवढा. चौकटीच्या बाजूला सेंटीमीटरच्या बारीक खुणा होत्या आणि कात्री नेमकी त्यांच्या बाहेरून गेली होती.

"मास्तर, कागदाची एक बारीक पट्टी कापा. ही गाठ या टोकापासून त्या टोकापर्यंत किती, ते तिच्यावर घ्या. मग पट्टी या खुणांना लावा."

मास्तरांनी पट्टी कापली, नखाने दुमडली, काचेशी वाकून स्वतःच्या पाणथरीतल्या गाठीचे माप घेतले. तिकडे मास्तरणीने सुई शर्टात खोचून ठेवली होती.

"पावणेचार," मास्तर म्हणाले. "केसभर जास्त. केसभरच."

बाईंनी पर्समधून सकाळची चिठ्ठी काढली. त्यावर त्यांच्याच अक्षरात आजचे माप होते. तीन पूर्णांक आठ. त्यांनी ती मास्तरांना दाखवली.

"म्हणजे वाढली नाही?" मास्तरणीने विचारले.

"बारा वर्षांत नाही."

"वाईट असती तर वाढली असती?"

"बारा वर्षं गप्प बसली नसती."

मास्तरीण एकदम स्टुलावर बसली. मग तिच्या कपाळावर हळूहळू एक आठी उमटली. मापात खोट सापडली की उमटे तशीच.

"पण डॉक्टरबाई, म्हणजे ही तेव्हाच होती. मग तेव्हा कुणी सांगितलं कसं नाही?"

बाईंनी कॉलरचे टोक उजेडात धरले. कोपरा तिथेच होता, शाबूत. त्यावर पिवळी खूण नव्हती. त्यांनी तो दिवस आठवून पाहिला. भूक लागली होती का, फोन आला होता का, शेवटची फिल्म यंत्रातून निघायला उशीर झाला होता का. काही आठवेना. तो त्यांच्या आयुष्यातला एक अगदी साधा, चांगला दिवस असावा.

"मी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "हा फोटो मी पाहिलाच नाही. न बघताच चांगलं आहे म्हणून लिहिलं."

मास्तरांनी घसा खाकरला.

"तेव्हा दिसली असती तर तेव्हाच काढली असती ना?"

"बहुतेक."

"मग उलट बरंच झालं की!"

"बरं झालं नाही, मास्तर. नशिबाने बरं निघालं." बाईंनी खांद्याचा तुकडा आणि कॉलर पाकिटात घातली. "हे दोन्ही मी नेतेय."

"आणि माझ्या अकरा?"

शेवटी मास्तरांनी पाकिटातून कॉलर पुन्हा काढून घेतली, पुठ्ठ्यावर ठेवून चारी बाजूंनी खडू फिरवला, आणि मगच दिली. पुठ्ठ्याची कॉलर ती कॉलर नव्हे, बुधवारपर्यंत परत हवी, हे त्यांनी दोनदा सांगितले.

सर्जनांच्या खोलीत भिंतीवर फिल्म बघायचा जुना दिवा होता. वापरात नव्हता, म्हणून त्यावर कुणीतरी सुट्ट्यांची यादी चिकटवली होती. बाईंनी यादी काढली, दिवा लावला आणि कॉलर अडकवली.

"हे काय?" सर्जन हसले. "शर्ट शिवायला टाकलात?"

सर्जन जवळ आले. त्यांचे हसू गालांवर तसेच राहिले आणि डोळ्यांतून गेले. त्यांनी आजचा फोटो पडद्यावर आणला, दिव्याकडे पाहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिले.

"तीच," ते म्हणाले.

"तीच."

"काढत नाही मग. भूल देणाऱ्यांना कळवतो. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो, मग वर्षाने." त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "मॅडम, एक सुचवू? रिपोर्टमध्ये 'जुन्या फोटोंशी तुलना करता बदल नाही' एवढंच लिहा. खोटं नाही त्यात काही. त्या कागदाचं कशाला काढायचं आता? तुमची नोकरीची दोन वर्षं राहिलीत."

"मास्तरांची जास्त राहिलीत," बाई म्हणाल्या. "तुमची बदली होईल. दुसरा कुणी येईल. त्याच्या हातात दोन कागद असतील, एक म्हणेल नव्हती, दुसरा म्हणेल आहे. दोन्हीवर माझीच सही. तो कुठला धरेल?"

आज दुपारी कुठला धरला होता, हे दोघांनाही ठाऊक होते.

चारला पाच मिनिटे कमी असताना बाई आपल्या खुर्चीत येऊन बसल्या. टायपिस्टची बोटे कीबोर्डवरच होती.

"प्लीहा," बाईंनी सांगायला सुरुवात केली. "एक गाठ, तीन पूर्णांक आठ सेंटीमीटर, कडेवर चुना. बारा वर्षांपूर्वीच्या फिल्मशी ताडून पाहिली. आकारात बदल नाही. शस्त्रक्रियेची गरज नाही. पूर्णविराम. नवी ओळ. ही गाठ तेव्हाच्या चौथ्या फिल्ममध्ये स्पष्ट आहे. ती फिल्म मी वाचली नव्हती. तेव्हाचा माझा रिपोर्ट चुकीचा आहे, तो ग्राह्य धरू नये."

टपटप थांबली.

"बाई, बावीस वर्षांत असं वाक्य मी टाइप केलेलं नाही."

"म्हणून तर कुठल्या बटणावर नसेल. अक्षर अक्षर दाबा."

त्याने दाबले. नेहमीपेक्षा हळू, जणू अक्षरे गरम होती. मग कागद काढून समोर ठेवला. बाईंनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, खणातून मेणाच्या पेन्सिलीचा पिवळा तुकडा शोधून काढला, आणि कॉलरच्या रिकाम्या कोपऱ्यात खूण केली. मग सही केली. शेपटी या वेळी कागदातच राहिली.

सोमवारी शाळा उघडली. त्याच सकाळी बाईंचा वर्गही होता. सहा शिकाऊ डॉक्टर, बाकांवर अजून न चुकलेल्या माणसांचे तेज घेऊन बसलेले. बाईंनी दिव्यावर आधी खांदा अडकवला.

"वाघ," एक मुलगी हसून म्हणाली. "घाबरायचं नाही. मिनिटभर थांबायचं."

"शाबास." बाईंनी शेजारी कॉलर अडकवली. हसणे थांबले. पुढे झुकलेली सहा डोकी दिव्याच्या उजेडात राखाडी दिसू लागली.

"गाठ आहे," तीच मुलगी म्हणाली. "सरळ दिसतेय, मॅडम. ही कशी सुटेल कुणाला?"

"तेव्हाचा रिपोर्ट हा. मोठ्याने वाचा."

मुलीने झिजलेला कागद उलगडला. यकृत वाचले, मूत्रपिंडे वाचली, "प्लीहा: आकार व घडण स्वाभाविक" वाचताना तिच्या आवाजात थोडी कीव आली, आणि मग ती तळाशी पोचली. तिथे ती थांबली.

"थांबलात का?" बाई म्हणाल्या. "सहीसुद्धा रिपोर्टचाच भाग असते. वाचा."

मुलीने वाचली. अगदी हळू, तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेली.

बाईंनी दिव्याचा उजेड थोडा वाढवला आणि बाजूला सरकल्या, म्हणजे सगळ्यांना दिसावे.

"एकेकाने जवळ येऊन बघा," त्या म्हणाल्या. "कोपरेसुद्धा. पण हात लावू नका, कड जाईल. बुधवारी कॉलर परत द्यायची आहे."